पाच मार्कांचं उत्तर

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा वाटलं, आठवणी तर सगळेच लिहिणार. मैदानातलं चिंचेचं झाड, प्रार्थनेला उशीर झाल्यावर बाहेर उभं राहणं, सहलीच्या एसटीत लागलेल्या गाण्यांच्या भेंड्या, हे माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्यात आहेत. मी लिहिणार आहे ती एक दुरुस्ती. सहावीच्या सहामाही परीक्षेत इतिहासाच्या पेपरात प्रश्न होता, 'शेतीच्या शोधामुळे मानवी जीवनात कोणते बदल झाले?' मी लिहिलं होतं की माणसाची भटकंती थांबली, अन्नाची शाश्वती आली, आरोग्य सुधारलं, आयुष्य वाढलं आणि तो सुखी झाला. सरांनी पाचपैकी पाच दिले आणि ते उत्तर वर्गात वाचूनही दाखवलं. त्या उत्तरातली निदान दोन वाक्यं चुकीची होती, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. या विषयाकडे वळले ती दातामुळे. दोन वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. माझ्या पुढच्या दातांवर आडव्या बारीक खाचा आहेत. मला वाटायचं, ब्रश जोरात घासल्यामुळे असतील. डॉक्टर म्हणाले, "लहानपणी, दोन-तीन वर्षांच्या असताना मोठं आजारपण झालं होतं का?" मला आठवण असणं शक्यच नव्हतं. घरी येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "हो, गोवर निघाला होता तुला. नंतर महिनाभर जुलाब. हातात घेतलं तर कापडासारखी लागायचीस." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या आधीची पण गोवरानंच गेली गं. अकरा महिन्यांची होती."

माझ्या आधी एक मुलगी होती, एवढं मला माहीत होतं. ती कशाने गेली ते त्या दिवशी कळलं. तिच्याकडे मी शेवटी येते.

हाडं काय लिहून ठेवतात

दाताच्या वरचं कडक कवच, इनॅमल, लहानपणी थराथराने तयार होतं. पुढच्या कायमच्या दातांचं इनॅमल पहिल्या चार-पाच वर्षांत हिरडीच्या आतच बनून जातं. त्या काळात मूल उपाशी राहिलं किंवा मोठ्या आजारातून गेलं, तर थर घालण्याचं काम काही काळ अडतं आणि तिथे खाच राहते. हाड आयुष्यभर मोडत-बांधत राहतं, इनॅमल मात्र एकदा बनलं की पुन्हा बनत नाही. म्हणून दात ही बालपणाची न पुसणारी नोंद आहे. खाच दाताच्या कुठल्या उंचीवर आहे यावरून आजार साधारण कुठल्या वयात झाला, हेही सांगता येतं.

सांगाड्यांचा अभ्यास करणारे अशा अनेक खुणा पाहतात. डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर आणि कवटीवर चाळणीसारखी बारीक छिद्रं दिसली, तर बालपणीच्या रक्तक्षयाचा संशय येतो. नडगीच्या हाडावर खरबरीत थर चढलेला असेल, तर दीर्घकाळचा जंतुसंसर्ग. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढता येते. दातांची कीड पिठूळ, चिकट अन्न सांगते. घासून सपाट झालेले दात भरड, वाळूमिश्रित अन्न सांगतात.

हाडांवर कामसुद्धा उमटतं. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा नावाचं फार जुन्या शेतकऱ्यांचं गाव होतं. धरणाखाली जाण्याआधी १९७२-७३ मध्ये तिथे घाईघाईने उत्खनन झालं. थेया मॉलेसन यांनी तिथले सांगाडे तपासले, तेव्हा पायाच्या अंगठ्याचे सांधे, गुडघे आणि पाठीचा खालचा भाग झिजलेला आढळला, आणि तोही मुख्यतः बायकांचा. कारण सापडलं ते दगडी पाट्यात. गुडघ्यांवर बसून, पायाची बोटं जमिनीत रोवून, अंग पुढे-मागे करत रोज तासन्‌तास धान्य दळायचं. आपल्यापैकी ज्यांनी आजीला जात्यावर किंवा पाट्यावर बसलेलं पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शेतीने धान्य दिलं. ते दळायचं कोणी, हे त्या बायकांच्या अंगठ्यांवर लिहिलेलं आहे.

उलटं निघालेलं उत्तर

अमेरिकेत इलिनॉय राज्यात डिक्सन माउंड्स नावाची जागा आहे. १९२७ मध्ये डॉन डिक्सन या गृहस्थांनी आपल्या घरच्या शेतातला टेकाड खणायला सुरुवात केली आणि तिथे मूळ अमेरिकन लोकांची मोठी दफनभूमी निघाली. तिचं महत्त्व असं की तिथले लोक आधी शिकार, मासे आणि रानातल्या बिया-फळांवर जगत होते आणि साधारण इ.स. ११५०नंतर मोठ्या प्रमाणावर मका पिकवू लागले. म्हणजे एकाच जागी, एकाच नदीकाठी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही सांगाडे उपलब्ध. आमच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदललेली चाचणी.

जॉर्ज आर्मेलागोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सांगाडे तपासले. शेतकरी झाल्यावर दातांवरच्या खाचा जवळपास निम्म्याने वाढल्या होत्या. रक्तक्षयाच्या खुणा चौपट झाल्या होत्या आणि जंतुसंसर्गाच्या तिप्पट. जन्माच्या वेळी अपेक्षित आयुष्य आधी साधारण २६ वर्षं होतं, ते १९वर आलं. आर्मेलागोस आणि मार्क कोहेन यांनी १९८४मध्ये जगातल्या अनेक भागांतले असे अभ्यास एका ग्रंथात एकत्र केले, तेव्हा बहुतेक ठिकाणी बाण त्याच दिशेला होता. १९८७मध्ये जेरेड डायमंड यांनी यावर एक गाजलेला लेख लिहिला आणि शेतीला मानवी इतिहासातली सर्वांत मोठी चूक म्हटलं.

कारणं समजायला अवघड नाहीत. शिकारी माणूस वर्षभरात पन्नास प्रकारचं खातो. शेतकरी एक-दोन पिकांवर राहतो आणि ते पीक गेलं की सगळंच जातं. मक्यात लोह कमी आणि जे आहे ते अंगी लागणं अवघड. एका जागी राहिलं की माणसांची आणि जनावरांची घाण तिथेच साचते, पाणी दूषित होतं आणि आजार एका घरातून दुसऱ्या घरात जातो. शिवाय डिक्सन माउंड्सच्या बाबतीत अभ्यासकांनी आणखी एक शक्यता मांडली. दक्षिणेला काहोकिया नावाचं मोठं नगर होतं आणि इथलं अन्न व्यापारातून तिकडे जात असावं. पिकवणारा अर्धपोटी आणि खाणारा दुसराच, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला नवीन वाटणार नाही.

आपल्याच तालुक्यात

सर वर्गात नेहमी म्हणायचे, "इतिहास लांब नसतो, घोड नदीपर्यंत चालत जा." ते इनामगावबद्दल बोलत असत. तेव्हा आम्ही ते कानाआड केलं. आता नकाशावर बोट ठेवून सांगते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला घोड नदीच्या काठी १९६८ पासून पंधराएक वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्यातले मुख्य संशोधक. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० अशी जवळजवळ नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं. सातू हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, कुळीथ. पुराचं पाणी वळवायला पाट आणि बांध होता, धान्याचं कोठार होतं.

आणि घरांच्या जमिनीखाली माणसं पुरलेली होती. मोठ्या माणसाला उत्तर-दक्षिण, डोकं उत्तरेला करून निजवायचे आणि घोट्याखालचे पाय तोडायचे. मेलेला उठून निघून जाऊ नये म्हणून असेल, असा उत्खननकर्त्यांचा तर्क. लहान मुलांचं वेगळं होतं. दोन रांजण आडवे ठेवून तोंडाला तोंड लावायचं आणि त्यांच्या पोटात मूल. पाय तोडायचे नाहीत. इनामगावच्या दफनांमध्ये अशी मुलंच जास्त आहेत. संग्रहालयात ते दोन रांजण मी पाहिले, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की ज्या जमिनीखाली मूल ठेवलं तीच जमीन ती आई रोज सारवत असणार.

गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढ जिल्ह्यात सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा इथे शेतीआधीच्या शिकारी लोकांचे सांगाडे मिळाले आहेत. ते लोक उंच, दणकट हाडांचे. दात झिजलेले पण कीड फारच कमी. त्याच्याही आधी, १९४०च्या दशकात, गुजरातमध्ये लांघणजला सांकलियांबरोबर अशा सांगाड्यांवर काम केलं ते इरावती कर्वे यांनी. आपण त्यांना 'युगान्त'मुळे ओळखतो, पण हाडं मोजणाऱ्या मानवशास्त्रज्ञ ही त्यांची मूळ ओळख. गंगेकाठचे ते शिकारी पाहिले, की डायमंड यांचं म्हणणं पटल्यासारखं वाटतं.

पण इनामगावने मला थांबवलं. इथे गोष्ट उलट्या दिशेने घडलेली आहे. इ.स.पू. १०००च्या सुमारास गाव खालावलं. ऐसपैस चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. उत्खननकर्त्यांच्या मते शेती घटली आणि लोक पुन्हा शिकारीवर, रानातल्या अन्नावर जास्त अवलंबून राहू लागले. शेती ही चूक असेल, तर ती सुटल्यावर मुलांची तब्येत सुधारायला हवी.

जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इथल्या मुलांचे दुधाचे सुळे तपासले; जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतला ताण त्यांवर खड्ड्याच्या रूपाने दिसतो. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांची वाढ मोजली. दातांवरून वय काढायचं आणि त्या वयाला हाड किती लांब, किती जाड हवं होतं ते पाहायचं. उत्तरकाळातल्या मुलांची हाडं वयाच्या मानाने खुरटलेली आणि बारीक निघाली. मुलं अशक्त होती. शेती कमी झाली म्हणून ती सुखी झाली नाहीत. नुसता पाऊस कमी झाला म्हणून गाव संपलं, हे जुनं स्पष्टीकरणही पुरेसं नाही, असं शुग यांचं म्हणणं आहे. गावाने काय निवडलं, कशावर भर दिला, किती माणसं किती जमिनीवर जगत होती, हे सगळं त्यात येतं.

म्हणजे 'शेतीने माणूस सुखी झाला' हे माझं सहावीतलं वाक्य चूक आणि 'शेतीने माणूस दुःखी झाला' हे त्याचं उलटं वाक्यही तितकंच घाईचं.

न लिहिलेला लॉग

१९९२मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला आणि या सगळ्या अभ्यासाला एक अडचणीचा प्रश्न विचारला. तो मला लगेच कळला, कारण माझ्या कामात तो रोज भेटतो.

एकाच गावातली तीन मुलं घ्या. पहिलं कधी आजारी पडलंच नाही. त्याची हाडं स्वच्छ. दुसरं आजारी पडलं, झुंजलं आणि वाचलं. त्याच्या हाडांवर, दातांवर खुणा. तिसरं आजारी पडलं आणि चार दिवसांत गेलं. हाडावर खूण उमटायला आठवडे लागतात, महिने लागतात. त्याला तेवढा वेळच मिळाला नाही, म्हणून त्याचीही हाडं स्वच्छ. तीन हजार वर्षांनी सांगाडे तपासणाऱ्याला पहिलं आणि तिसरं सारखंच निरोगी दिसेल आणि जगलेलं दुसरं आजारी.

आमच्याकडे प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या चुकांची नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. एकदा एका नव्या मुलाने सगळे लॉग मोजले आणि सांगितलं, "मॅडम, या भागात सर्वांत जास्त चुका आहेत, हा बदलू या." तो भाग ठीक होता. तक्रारी करत का होईना, चालत होता. खरा दोष शेजारच्या भागात होता. तो सुरू होताच बंद पडायचा आणि नोंद करायलाही त्याला वेळ मिळायचा नाही. त्याचा लॉग कोरा होता.

वयाच्या आकड्याचंही तसंच. शेतीमुळे मऊ पेज मिळाली, मुलं लवकर अंगावरून तोडता आली, बायकांची बाळंतपणं जवळजवळ होऊ लागली. जिथे जास्त मुलं जन्मतात, तिथे दफनभूमीत लहान मुलं जास्त दिसणारच. त्यामुळे २६चे १९ झाले, यातला किती भाग मृत्यूंचा आणि किती भाग जन्मांचा, हे नुसत्या सांगाड्यांवरून ठरत नाही. म्हणून आताचे अभ्यासक एका खुणेवर विसंबत नाहीत. दात, वाढ, वय, अन्न, घरं, सगळं शेजारी ठेवून बोलतात. एवढं करूनही दातांच्या खाचा, रक्तक्षय, खुंटलेली वाढ यांचा पुरावा इतक्या ठिकाणचा आहे, की सुरुवातीच्या शेतकऱ्यांचं आरोग्य सुधारलं असं कुणी सरसकट म्हणत नाही.

हे वाचत असताना मला आईचं वाक्य आठवलं. आमच्या घरात गोवर दोनदा आला. मी वाचले, म्हणून माझ्या दातांवर खाचा आहेत. ती चार-पाच दिवसांत गेली. तिला ओढ्याच्या काठी पुरलं, लहान मुलांना पुरतात तसं. तिच्या हाडांवर काहीही उमटलं नसेल. कुणी आम्हा दोघींना शेजारी ठेवून तपासलं, तर मला आजारी म्हणेल आणि तिला धडधाकट. मी आईला तिचं नाव विचारलं. आई म्हणाली, "बारशाला ठेवलं होतं की. घेत नाही आपण." मग तिने ते सांगितलं. इथे मी ते लिहीत नाही, पण आता मला ते माहीत आहे.

आपला हजेरीपट

आता आपल्याकडे येते. ग्रुपवर गेले सहा महिने एक वाक्य फिरतंय, "आपली बॅच मस्त सेटल झाली." खरंच आहे. डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, फौजदार आहेत, दोघं परदेशात आहेत, कुणाचा द्राक्षाचा बाग आहे. पण हा निष्कर्ष आपण कुणाला मोजून काढला? जे ग्रुपवर आहेत त्यांना. म्हणजे ज्यांचा लॉग लिहिला गेला त्यांना.

पाचवीच्या फोटोत आम्ही एकसष्ट जण आहोत. मी मोजले. दहावीला चव्वेचाळीस बसलो. ग्रुपवर एकोणचाळीस. माझ्या बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी एकीचं सातवीच्या सुट्टीत लग्न झालं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जायचा. आठवीत तो गेला तो परत आला नाही. पाढे त्याचे माझ्यापेक्षा पक्के होते. सतरा नावं आहेत. त्यांच्याशिवाय आपल्या बॅचविषयी काढलेला कुठलाही निष्कर्ष माझ्या सहावीतल्या उत्तरासारखाच आहे, पाचपैकी पाच मिळवणारा आणि अपुरा.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ही सगळी नावं आहेत. मेळाव्याच्या समितीला माझी विनंती आहे, की या वेळी निदान ती यादी काढावी आणि आपापल्या गावातल्या नावाचा शोध एकेकाने घ्यावा. मी दोन नावं माझ्याकडे घेतली आहेत. बाकावरच्या मैत्रिणीचा पत्ता लागला आहे. ती दौंडजवळ असते, मेळाव्याला येते म्हणाली. "मला कुणी ओळखेल का गं?" असं दोनदा विचारलं तिने.

सर, तुम्ही येणार आहात असं कळलं. ते उत्तर पुन्हा लिहिते. शेतीच्या शोधामुळे माणूस एका जागी राहू लागला, धान्य साठवू लागला आणि त्याची संख्या वाढली. त्याची किंमत पहिल्या अनेक पिढ्यांनी, विशेषतः बायकांनी आणि मुलांनी, आपल्या शरीरावर मोजली. ती किंमत सगळीकडे सारखी नव्हती. अन्न कोणाकडे जातं आणि काम कोणाच्या वाट्याला येतं, यावर ती ठरत होती. आणि जे लवकर गेले, त्यांची नोंद हाडांवरही सापडत नाही, म्हणून उत्तर लिहिताना त्यांच्यासाठी जागा सोडावी लागते.

पाचपैकी किती, ते मेळाव्यात सांगा.